एका अर्जातील मागण्या आणि त्यांचे कायदे : १८८४ ते १९४८

प्रस्तावना
कामगारांना मिळणारी सुटी, विश्रांती व नुकसानभरपाई या कायदेशीर हक्कांचा भारतातील इतिहास समजून घेण्यासाठी मुंबईच्या गिरणी कामगारांचा १८८४ चा अर्ज महत्त्वाचा आहे.

पार्श्वभूमी
भारतातील पहिला कारखाना कायदा १८८१ मध्ये झाला. यंत्रशक्तीवर चालणाऱ्या आणि किमान १०० कामगार असलेल्या कारखान्यांनाच तो लागू होता. ७ ते १२ वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त ९ तास काम, एक तास विश्रांती आणि महिन्याला चार सुट्या त्याने दिल्या. प्रौढ कामगारांच्या वेळेबाबत मात्र कायदा गप्प होता.

कामगारांचा अर्ज
सप्टेंबर १८८४ मध्ये 'दीनबंधु'चे संपादक व सत्यशोधक कार्यकर्ते नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत कामगारांच्या सभा घेतल्या. सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. त्यातील प्रमुख मागण्या अशा :
१. दर रविवारी सुटी
२. दुपारी अर्धा तास विश्रांती
३. पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत
४. कामावर जखमी झाल्यास बरे होईपर्यंत पूर्ण पगार; कायमचे अपंगत्व आल्यास निर्वाहाची तरतूद

मागण्या कधी मान्य झाल्या?
जून १८९० मध्ये मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुटी व दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती सक्तीची झाली. यामागे कामगारांच्या चळवळीबरोबरच लँकेशायरच्या गिरणीमालकांचा दबावही होता. स्वस्त भारतीय कापडाची स्पर्धा त्यांना नको होती. जखमी कामगारांच्या भरपाईचा कायदा १९२३ मध्ये, तर वेळेवर पगाराचा १९३६ मध्ये झाला.

म्हणजे पहिल्या दोन मागण्यांना ७ वर्षे, भरपाईला ३९ वर्षे आणि पगाराच्या मुदतीला ५२ वर्षे लागली. अर्जावर सही करणाऱ्या अनेकांच्या हयातीत हे शेवटचे हक्क आले नसणार.

समारोप
१९४८ च्या कारखाना कायद्याने सलग पाच तासांच्या कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती ठरवली. त्याच वर्षीच्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने आजारपण व बाळंतपणातील लाभ दिले. तरीही शेतमजूर आणि घरकामगार या दोन्ही कायद्यांच्या बाहेरच राहिले. म्हणून कामगार कायदा अभ्यासताना त्यात काय दिले आहे याबरोबरच ते कोणाला दिले आहे, हेही तपासावे.