झोपलेल्या यंत्राचा साक्षीदार

मंडळी, मागच्या खेपेला दादरला व्याख्यानाआधी आम्ही लॅपटॉपचं झाकण उघडलं आणि पडदा काळाच राहिला, हे तुमच्यापैकी काहींनी पाहिलंच. गिरगावातून निघताना झाकण मिटलं तेव्हा टिपणं उघडी होती, दोन पानं साठवायची राहिली होती. ती गेली. दिवा लागलेला, पंखा फिरतोय, पण आत कुणी नाही! लिनक्स वापरणाऱ्यांना हे नवं नाही. आज त्याचाच इतिहास बघू.

1992 साली इंटेल आणि मायक्रोसॉफ्टनं एपीएम ही पद्धत आणली. तीत यंत्राला झोपवायचं काम मुख्यतः बायोसचं. 1996 च्या डिसेंबरात या दोघांनी तोशिबाला बरोबर घेऊन एसीपीआय आणली आणि कारभार ऑपरेटिंग सिस्टीमकडे दिला. दिला म्हणजे अर्धाच. कसं झोपवायचं, कसं उठवायचं याच्या सूचना लिहिणार यंत्राचा निर्माता, आणि त्या पाळणार कर्नल. निर्माता त्या तपासतो बहुधा विंडोजवर. म्हणून त्या सूचनांनी ‘तू विंडोज का?’ असं विचारलं, तर लिनक्सही ‘हो’ म्हणतो. आयुष्यभर सत्यासत्य शिकवलेल्या आम्हाला हे कळलं तेव्हा हसूच आलं.

‘एस-थ्री’ नावाच्या गाढ झोपेत वीज मिळते ती जवळपास फक्त रॅमला. पडदा, वाय-फाय वगैरेंच्या आतली मांडणी पुसली जाते. उठताना प्रत्येक ड्रायव्हरनं आपलं खातं पुन्हा लावून घ्यायचं. परळ-लालबागच्या गिरणीत पाळी बदलताना एखाद्या मागावरचा माणूस आला नाही, तर बदली कामगार मिळे. इथं तशी सोय नाही. एक ड्रायव्हर अडला की अख्खी गिरणी बंद.

आता अडलं कोण, हे विचारायचं कुणाला? वेदान्तात हा प्रश्न जुना आहे. जागा झालेला माणूस म्हणतो, ‘छान झोपलो, काही कळलं नाही’. मग त्या न कळण्याला साक्षी कोण होतं? आमचं यंत्र तर जागंच झालं नाही. बंद करून सुरू केलं की रॅम पुसली जाते, आणि डिस्क त्या वेळी स्वतःच झोपेत असते.

2006 मध्ये लिनस टॉरवाल्ड्सनं साक्षीदार शोधला तो घड्याळात. लॅपटॉपमधलं घड्याळ यंत्र बंद असतानाही चालतं. ‘पीएम-ट्रेस’ ही सोय चालू केली, की उठताना कर्नल प्रत्येक टप्प्याची खूण त्या घड्याळाच्या तारीख-वेळेतच लिहितो. यंत्र अडकलं, की तीनेक मिनिटांच्या आत पुन्हा सुरू करायचं, कारण घड्याळ पुढे सरकतं आणि खूण बिघडते. मग कर्नलच्या नोंदींत संशयिताचं नाव मिळतं. कधी एकाच खुणेला दोन नावं जुळतात, तेव्हा पुन्हा करून बघायचं.

आमच्याकडे नाव निघालं वाय-फाय कार्डाचं. त्याचा ड्रायव्हर आधी उतरवून झोपवलं, तर यंत्र दहाच्या दहा वेळा उठलं.

नव्या लॅपटॉपांची गोष्ट निराळी. कित्येकांत एस-थ्री उरलेलीच नाही. आहे ती ‘एस-टू-आयडल’, म्हणजे डुलकी. पिशवीत यंत्र गरम लागलं आणि सकाळी बॅटरी उतरलेली दिसली, तर आधी ‘मेम-स्लीप’ ही फाईल बघा. तीत ‘डीप’ हा शब्द असेल, तर गाढ झोप निवडता येते. नसेल, तर बहुधा बंद करूनच निघावं.

आणि हो, पीएम-ट्रेसनंतर तारीख नीट लावून घ्या. आम्ही विसरलो, आणि दादरच्या व्याख्यानाची पुन्हा लिहिलेली टिपणं आमच्या यंत्रात भलत्याच सालाखाली पडून आहेत.