हट्टी प्लगची बखर

आमच्या चंद्रपुरात इतिहासाला तोटा नाही. गोंड राजांचा परकोट आहे. जटपुरा, पठाणपुरा, अंचलेश्वर, बिनबा असे दरवाजे आहेत, आणि संध्याकाळी त्यांतून बाहेर पडायचा प्रयत्न केला की वेढा म्हणजे काय असतो तेही समजते. एवढ्या मोठ्या इतिहासावर लिहायला विद्वान मंडळी आहेत. मी पडलो बी.कॉम., बँकेतला कारकून. मला झेपणारा इतिहास फार तर चौदा मिलिमीटर जाडीचा असायचा. तसा तो मला मोटारीच्या स्पार्क प्लगमध्ये सापडला.

पेट्रोलच्या इंजिनात हवा आणि पेट्रोल आत येतात, दाबली जातात, आणि मग कोणीतरी काडी लावावी लागते. काडी लावणारे लोक आपल्याकडे पुष्कळ, पण हे काम मिनिटाला हजार-दीड हजार वेळा न चुकता करायचे म्हणजे तिथे प्लगच पाहिजे. १८६० साली पॅरिसमध्ये लेन्वार नावाच्या गृहस्थाने आपल्या गॅसच्या इंजिनात विजेची ठिणगी पाडली. १९०२ साली जर्मनीत रॉबर्ट बॉशच्या कारखान्यातल्या होनोल्ड या इंजिनियरने उच्च दाबाचा मॅग्नेटो तयार केला, आणि इतके दिवस टेंपररी असलेला प्लग मोटारीत कायम झाला.

या धंद्यात भांडणेही झाली. आल्बेर शांपियाँ हा फ्रेंच सायकलपटू. १८९९ ची पॅरिस-रुबे शर्यत जिंकून तो अमेरिकेत गेला आणि तिथे त्याने स्वतःच्या नावाने प्लगचा धंदा काढला. पुढे भागीदारांशी बिनसले, आणि 'चँपियन' हे नाव भागीदारांकडेच राहिले. बिचाऱ्याने दुसरा कारखाना काढला. त्याच्या प्लगवर शेवटी 'ए.सी.' एवढी आद्याक्षरेच उरली. भागीदारीचा कायदा परीक्षेपुरता वाचलेल्यालाही यात नवल वाटणार नाही. आपल्याकडे १९५१ साली बंगळुरात बॉशची मायको कंपनी आली आणि 'मायको प्लग' हा शब्द खेड्यापाड्यातल्या मिस्त्रीच्या तोंडी बसला. २००८ साली कंपनीने नाव बदलून बॉश केले. मिस्त्री लोकांना त्याची लेखी सूचना अजून मिळालेली दिसत नाही.

आता ही बखर आमच्या गल्लीत येते. गल्लीत एक डॉक्टर होते आणि त्यांच्याकडे १९६७ ची फियाट ११०० होती. ही गाडी मूल, सावली करत वैनगंगा ओलांडून गडचिरोलीला जायची. गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला १९८२ च्या ऑगस्टमध्ये, पण तिथल्या तापाला आणि बाळंतपणांना त्याच्या आधीपासून डॉक्टर लागतच होता. जाताना डिकीत औषधांची पेटी, येताना मागच्या सीटवर अडलेली बाई आणि तिची सासू, असा त्या गाडीचा दिनक्रम. आणि डॉक्टर आम्हा पोरांना सांगायचे, "ही रेसची गाडी आहे बरं का!" गल्ली हसायची. ताशी चाळीसने मुरमाच्या रस्त्यावर धडधडणारी ती गाडी आणि म्हणे रेसची!

पण डॉक्टर खरे बोलत होते. त्या गाडीच्या १०८९ सी.सी. इंजिनाचे घराणे १९३७ च्या फियाट ५०८ सी या मॉडेलपासूनचे. एन्झो फेरारी आल्फा रोमिओतून बाहेर पडला तेव्हा काही वर्षे स्वतःच्या नावाने गाडी काढायची नाही अशी अट होती. म्हणून १९४० साली त्याने 'ऑटो आव्हिओ ८१५' अशी कचेरीतल्या फायलीसारख्या नावाची शर्यतीची गाडी केली. तिचे आठ सिलिंडरचे इंजिन म्हणजे याच फियाटची दोन इंजिने एकापुढे एक ठेवल्याची कल्पना. वरची दोन्ही हेडे तर सरळ फियाटचीच. फेरारीची पहिली गाडी ती हीच.

युद्धानंतर तुरिनच्या पिएरो दुझिओने याच घराण्यातले इंजिन घालून चिसिटालिया २०२ केली. १९४७ च्या मिल्ले मिलिया शर्यतीत चोपन्न वर्षांचा नुव्होलारी ती चालवत होता. पहिला होता, पण धो धो पाऊस आला, इग्निशनमध्ये पाणी शिरले आणि दुसऱ्या नंबरावर समाधान मानावे लागले. पावसाळ्यात आलापल्लीच्या रस्त्यावर गाडी बंद पडून डेलकोचे झाकण धोतराने पुसलेल्या आमच्या लोकांना नुव्होलारीचे दुःख वेगळे समजावून सांगायला नको. १९५१ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने हीच चिसिटालिया प्रदर्शनात मांडली. तिच्या घराण्यातले इंजिन तोवर मुंबईकडे निघायच्या बेतात होते. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीने १९५४ पासून कुर्ल्याला फियाट ११०० करायला घेतली. पुढे तिचीच पद्मिनी झाली.

घराणे मोठे म्हणजे दुखणीही मोठी. या इंजिनाचे हेड ॲल्युमिनियमचे आणि प्लगचे आटे पोलादाचे. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगते, निवल्यावर तितकेच आकसते. त्यात कार्बन, त्यात ओल, आणि दोन वेगळ्या धातूंचा शेजार. वर्षानुवर्षे पाना लागला नाही की दोघे एकमेकांना असे धरतात की घटस्फोट अशक्य. आणि ॲल्युमिनियम मऊ. जोर केला तर प्लग येतो, पण येताना हेडचे आटे घेऊन येतो.

डॉक्टर गेले आणि गाडी गॅरेजात पडून राहिली, चांगली दहा वर्षे. मुलगा पुण्याला. त्याने घर विकायचे ठरवले. गाडीसाठी भंगारवाला वजनावर भाव सांगून गेला आणि सोमवारी टेंपो आणतो म्हणाला. काकू काही बोलल्या नाहीत. फक्त मला म्हणाल्या, "एकदा सुरू होते का, ते पाहा ना."

मी जटपुरा गेटाकडून एक जुने मिस्त्री आणले. गुरुवार होता. मुलगा लांब दांड्याचा पाना घेऊन तयारच होता. मिस्त्रींनी तो हळूच त्याच्या हातातून काढून घेतला.

"काहून घाई करून रायले भाऊ? दहा वर्ष झोपली हाय ते. उठाले येळ लागन."

त्यांनी आधी सायकलचा पंप मागवला आणि प्लगच्या बुडाशी साचलेली धूळ फुंकून काढली. प्लग निघाला की ती माती थेट सिलिंडरात पडते आणि इंजिन आतून खरवडते, म्हणून. मग प्रत्येक प्लगच्या मुळाशी गंज सोडवायचे तेल सोडले, चहा घेतला आणि चक्क घरी गेले. मुलाला हे काम वाटेना. शुक्रवारी त्यांनी प्लगपाना नीट सरळ बसवला, कारण तो तिरका बसला तर चिनीमाती तडकते. आधी केसभर आवळले, मग केसभर सोडले. कुर्र असा आवाज आला की थांबायचे, तेल टाकायचे, पुन्हा आवळायचे, पुन्हा सोडायचे. पाव फेरा पुढे, अर्धा पाव मागे. संध्याकाळपर्यंत तीन प्लग फडक्यावर निघून पडले. चौथा ढिम्म.

शनिवारीही तो ढिम्मच. मुलगा भंगारवाल्याला फोन करायला उठला. मिस्त्रींनी काकूंकडे उकळते पाणी मागितले, टॉवेल भिजवून त्या जागी हेडला शेक दिला, पुन्हा तेल सोडले आणि निवू दिले. पोटदुखीला शेकावे तसे दिवसातून चार वेळा. गरम असताना मात्र पान्याला हात लावला नाही. रविवारी दुपारी पाना लावला, आणि पिशवीतून खडा निघावा इतक्या साध्या आवाजात तो प्लग फिरला. आटे शाबूत होते. मिस्त्रींनी ते काकूंना दाखवले. काकूंना आट्यांतले काय कळणार, पण त्यांनी चश्मा लावून चारही भोके नीट पाहिली.

नवे प्लग त्यांनी आट्यांना बोटभर ग्रेस लावून हातानेच बसवले, शेवटी पान्याने जेमतेम अर्धा फेरा. मुलगा म्हणाला, "अजून जरा आवळा ना." तेव्हा मिस्त्री म्हणाले, "मंग पुढच्यानं काहाडायचा कसा?"

कार्बोरेटर धुऊन, बॅटरी उसनी आणून रात्री आठला गाडी सुरू झाली. निळा धूर, कानठळ्या, आणि गल्लीतली सगळी कुत्री. काकू पुढच्या डाव्या सीटवर बसल्या होत्या, डॉक्टरांबरोबर बसायच्या तशाच. गाडी जागेवरून हलली नाही, ब्रेक नव्हते. पण सोमवारी टेंपो रिकामा गेला, आणि पुढे नागपूरचा एक हौशी माणूस ती गाडी घेऊन गेला.

पद्मिनीचे उत्पादन २००१ साली थांबले. मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. टॅक्सीवाल्यांना हट्टी प्लगचा त्रास सहसा नसायचा, कारण दर थोड्या दिवसांनी प्लग निघायचा, घासला जायचा, परत बसायचा. अडकतो तो जपून झाकून ठेवलेल्या गाडीचा. आमच्या बँकेतही असेच. दोन वर्षे व्यवहार नाही की खाते निष्क्रिय. दहा वर्षे कोणी फिरकले नाही की रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत. लोकांना वाटते पैसे बुडाले. बुडत नाहीत. वारसाने कागद घेऊन यावे, चार खेपा घालाव्यात, काउंटरवर जोर करू नये, पैसे निघतात.

फक्त शेवटच्या खेपेला आमच्या साहेबांना टॉवेलने शेक देता येत नाही, एवढीच अडचण.