दिनविशेष : १८ डिसेंबर १९४३ – खारकीव खटल्याचा निकाल

सोव्हिएत युक्रेनमधील खारकीव येथे लष्करी न्यायालयाने तीन जर्मन आणि त्यांचा स्थानिक साथीदार मिखाईल बुलानोव यांना फाशीची शिक्षा सुनावली. जर्मन ताब्याच्या काळात तिथे बंद मोटारीत इंजिनचा विषारी धूर सोडून नागरिकांना गुदमरवून मारले जाई. बुलानोव जर्मनांकडे चालक होता. दुसऱ्याच दिवशी भर चौकात हजारोंसमोर चौघांना फासावर चढवले. दोस्त राष्ट्रांनी जर्मन सैनिकांवर जाहीरपणे चालवलेला हा पहिला खटला.

‘वरून हुकूम होता’ हा बचाव इथे टिकला नाही. हेच तत्त्व नाझी नेत्यांवरील न्यूरेंबर्ग खटल्याच्या सनदेत आले ते १९४५ मध्ये. तरीही श्रेय न्यूरेंबर्गलाच मिळते. खारकीव खटल्यात स्टालिनच्या प्रचाराचा हात होता, हे खरे. बळी पडलेल्या ज्यूंची ओळख ‘शांतताप्रिय सोव्हिएत नागरिक’ या शब्दांआड झाकली गेली. हा दोष गंभीरच. पण म्हणून खटला विस्मृतीत टाकणे गैर आहे. कारण तोच बचाव पुन्हा पुढे येतो. मे २०२२ मध्ये कीव्हच्या न्यायालयात एका रशियन सैनिकानेही हुकमाकडेच बोट दाखवले. न्यायालयाने त्याला दोषी ठरवले. हुकूम पाळला म्हणून खून माफ होत नाही, हे खारकीवने ऐन युद्धात बजावले होते.