हुंडणावळ किती?

काटोलच्या माझ्या मामेभावाची संत्र्याची बाग आहे आणि मुलगा जर्मनीत शिकतो. गेल्या वर्षी आंबिया बहराचे पैसे हाती आले, तसे दादाने मुलाला 2000 युरो पाठवले. बँकेत सांगितलं, फी करासकट हजार रुपये. दादाला ते पटलं. तीन दिवसांनी मुलाचा फोन आला, खात्यात 1980 युरोच जमा झाले होते. संध्याकाळी दादा पावती घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, "फी तं वेगळी देल्ली होती. मंग हे वीस युरो गेले कुठी? मले समजून सांग."

पावती उघडून पाहिली. फीचा आकडा ठळक होता. त्याखाली बारीक अक्षरात युरोचा भाव होता 102 रुपये. त्या दिवशी बाजारात युरो शंभराच्या आसपास होता. म्हणजे एका युरोमागे दोन रुपये, 2000 युरोंमागे 4000. हे चार हजार पावतीवर कुठेच खर्च म्हणून लिहिलेले नव्हते. वीस युरो वाटेतल्या मध्यस्थ बँकेने कापून घेतले होते, ते आणखी दोनेक हजार. दादाला वाटत होतं हजार रुपये लागले. लागले होते सात हजार.

त्या न लिहिलेल्या चार हजारांना काय म्हणायचं, हा प्रश्न मला त्या रात्री छळत राहिला. इंग्रजीतही त्याला अनेक आडवळणाची नावं आहेत. पण मराठीत एक नेमका शब्द पूर्वीपासून आहे: हुंडणावळ.

या शब्दाची घडण अस्सल मराठी आहे. धुण्याची मजुरी ती धुणावळ, दळण्याची दळणावळ, शिवण्याची शिवणावळ, दागिना घडवण्याची घडणावळ. पैसे देऊन जेवायचं ते खाणावळीत. त्या शब्दातही आधी जेवणाचे पैसे आहेत, मग ती जागा. तसंच हुंडी करून देण्याचा जो आकार, ती हुंडणावळ. एका गावचा पैसा दुसऱ्या गावी उभा करून देण्याचं मोल.

हुंडी हा शब्द त्याहून जुना. संस्कृत कोशांत 'हुंडिका' सापडते आणि तिचा दाखला बाराव्या शतकातल्या कल्हणाच्या राजतरंगिणीतून दिला जातो. व्यवहार सोपा होता. काशीला निघालेल्या माणसाने वाटेवर रोकड बाळगायची नाही. नागपूरच्या पेढीवर रक्कम भरायची, चिठ्ठी घ्यायची आणि काशीच्या पेढीवर ती दाखवून पैसे घ्यायचे. दाखवताक्षणी पैसे मिळत ती दर्शनी हुंडी, ठरलेल्या दिवसांनी मिळत ती मुदती. समोरच्या सावकाराने मान्य केली की हुंडी 'सकारली'. हरवली तर दुसरी प्रत मिळे, तिला पेठ म्हणत. तीही गेली तर परपेठ. पैसे चुकते झालेली हुंडी म्हणजे खोखा. ही सारी शिस्त इतकी पक्की होती की 1881 साली परक्राम्य दस्तऐवजांचा कायदा झाला तेव्हा पहिल्याच कलमात देशी भाषांतल्या अशा दस्तऐवजांच्या स्थानिक रूढींना धक्का लावायचा नाही, असं म्हटलं गेलं.

महिपतींच्या भक्तविजयात नरसी मेहतांची कथा आहे. यात्रेकरूंना द्वारकेची हुंडी हवी असते. नरसी ती सावळशा शेठजीच्या नावाने लिहून देतात आणि द्वारकेत देव स्वतः सावकार होऊन पैसे मोजतो. आपले लोक 'देवावर हवाला' ठेवतात, त्यामागची भावना हीच आहे.

'हवाला' हा मात्र अरबीतून आला. त्याच्या मूळ धातूत वळणं, पालटणं हा अर्थ आहे. कर्ज एकाच्या माथ्यावरून दुसऱ्याच्या माथ्यावर वळवणं म्हणजे हवाला. ज्याच्या हाती एखादी गोष्ट सोपवली तो हवालदार. 'हाल' म्हणजे स्थिती आणि तिचं अरबी अनेकवचन 'अहवाल'. आपल्या कचेऱ्यांतले अहवाल आणि पोलीस ठाण्यातले हवालदार एकाच घराण्यातले आहेत, हे ध्यानात आलं की हवाला हा शब्द मुळात किती सरळ होता ते कळतं. विश्वास हाच त्याचा गाभा. जैन डायरी या नव्वदच्या दशकातल्या हवाला प्रकरणाने तो घरोघरी बदनाम केला. 1999 च्या परकीय चलन व्यवस्थापन कायद्याने परवान्याशिवाय हवाल्याने परदेशी पैसे पाठवणं बेकायदा आहे आणि ते योग्यच आहे. वाटेत पैसा बुडाला तर दाद कोणाकडे मागणार? तिकडे बांगलादेशात, जिथे आपल्या भागातली संत्री जातात, अशा चोरट्या व्यवहाराला आजही 'हुंडी'च म्हणतात. इकडे हवाला बदनाम झाला, तिकडे हुंडी.

चलन बदलताना घट सोसावी लागते हेही आपल्या भाषेला ठाऊक आहे. झिजलेल्या किंवा परमुलखी नाण्यावर सराफ जे कापून घेई तो बट्टा. नागपूरकर भोसल्यांच्या टांकसाळीचा रुपया वेगळा, कंपनीचा वेगळा. एकाचा दुसरा करून घ्यायचा तर बट्टा बसणारच. घराण्याच्या नावाला 'बट्टा लागतो' तो तिथूनच. आज दागिन्यांच्या दुकानदाराला आपण सराफ म्हणतो, पण अरबीत सर्राफ म्हणजे नाणी बदलून देणारा. बँक या शब्दाचं मूळ इटालियन 'बँको', म्हणजे सराफाचं बाकडं. आणि मराठीतला शाळेचा 'बाक' पोर्तुगिजांकडून आलेला त्याचाच भाऊ. आपली 'पेढी'ही पीठ, पीठिका म्हणजे बैठक याच कुळातली मानतात. दोन्हीकडे माणूस समोर बसून भाव सांगत होता. तो भाव ऐकू येत होता.

शंभर वर्षांपूर्वी हुंडणावळ हा वऱ्हाड-नागपूरच्या कापूस पिकवणाऱ्या माणसाच्या जिव्हाळ्याचा शब्द होता. रुपया 16 पेन्सचा ठेवायचा की 18 पेन्सचा, हा वाद तेव्हा पेटला होता. मराठी लेखनात त्याचं नाव 'हुंडणावळीचा दर'. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ 1923 सालचा आणि 1925 साली चलनविषयक हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्षही दिली. 1927 मध्ये सरकारने 18 पेन्स कायम केले. हिशेब असा: 16 पेन्सच्या दराने विलायतेतल्या एका पौंडाचे 15 रुपये होत, 18 पेन्सच्या दराने 13 रुपये 5 आणे 4 पै. कापूस तोच, पण दर पौंडामागे जवळजवळ पावणेदोन रुपयांचा फरक. पुढे 'विनिमय दर' हा शब्द रुळला आणि हुंडणावळ मागे पडली. विनिमय दर हा शब्द आभाळातून पडल्यासारखा वाटतो, जणू तो सगळ्यांना सारखाच. हुंडणावळ म्हटलं की तो कोणीतरी आकारतो आहे, हे लगेच कळतं. शब्द गेला आणि त्याबरोबर विचारण्याची सवयही गेली.

ही सवय आज फार हवी आहे. रिझर्व्ह बँकेच्या 2023-24 च्या पाहणीत परदेशातून येणाऱ्या पैशांत महाराष्ट्राचा वाटा 20.5 टक्के, केरळपेक्षाही थोडा जास्त निघाला. जगभर 200 डॉलर घरी पाठवायला सरासरी सहा टक्क्यांहून अधिक खर्च येतो, असं जागतिक बँकेचे आकडे सांगतात. तो 2030 पर्यंत तीन टक्क्यांखाली आणायचं संयुक्त राष्ट्रांनी 2015 मध्ये ठरवलं. उपायही निघत आहेत. 21 फेब्रुवारी 2023 पासून आपली यूपीआय सिंगापूरच्या पेनाऊ या तशाच सेवेशी जोडली गेली आहे. परवानाधारक ऑनलाइन कंपन्या बाजारभावाच्या जवळचा दर देतात आणि फी उघड सांगतात. बँकेतून स्विफ्टने पाठवताना फॉर्मवर वाटेतला खर्च कोणी सोसायचा, असा रकाना असतो. शाळा-कॉलेजची फी भरताना तो पाठवणाऱ्याने सोसला तर तिकडे पूर्ण रक्कम पोचण्याची शक्यता वाढते. मोठ्या रकमेवर कापला जाणारा टीसीएस हा कर म्हणजे हुंडणावळ नव्हे. तो विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो.

या सगळ्याला पुरून उरणारा एक जुना शब्द आहे: हुंडेकरी. पूर्वी माल नेण्याचा 'हुंडा' करीत, म्हणजे भाडं, हमाली, वाटेतली जकात सगळं धरून एकच ठोक रक्कम ठरे. जो ती जबाबदारी घेई तो हुंडेकरी. माल पोचेपर्यंत मालकाने वाटेत कुठे पैसे मोजायचे नाहीत. आमच्या भागात व्यापारी झाडावरची संत्री पाहून पुरी बाग उक्ती घेतो, तेव्हाही शेतकरी शेवटचा आकडाच विचारतो. पैसे पाठवतानाही प्रश्न तोच हवा: माझ्या खात्यातून इतके रुपये गेले, तर तिकडे हातात नेमके किती पडतील? दोन-तीन ठिकाणी हा एकच आकडा विचारला की स्वस्त कोण ते आपोआप कळतं. फीच्या आकड्याला भुलायचं कारण नाही.

दादाने पुढच्या वेळी तसंच केलं. तीन ठिकाणी विचारलं आणि कागदावर तीन आकडे लिहून आणले. सर्वांत कमी फीवाला सर्वांत महाग निघाला.

सोनं घेताना आपल्या घरातल्या बाया घडणावळ विचारल्याशिवाय दुकानातून उठत नाहीत. पोराला, लेकीला परदेशी पैसे पाठवताना किंवा तिकडून मागवताना तुम्हीही तसंच करा. काउंटरवर स्पष्ट मराठीत विचारा: हुंडणावळ किती?