तिकीट काढण्याआधी

ट्रॅव्हल एजंटने टेबलावरून पत्रक पुढे सरकवलं आहे. निळं पाणी, पांढरं जहाज, डेकवर दात दाखवणारं चौकोनी कुटुंब. विशाखापट्टणम, पुद्दुचेरी, चेन्नई. तुम्ही रायपूरचे, तिसऱ्या पिढीतले मराठी. गावाला समुद्र नाही, तरी तेलीबांधा तलावाच्या काठाला सगळं गाव 'मरीन ड्राइव्ह' म्हणतं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. क्रूझचं खूळ डोक्यात शिरलं ते साडूमुळे. त्याने मुंबई-गोवा फेरी केली आणि तेव्हापासून प्रत्येक लग्नात ताट हातात घेऊन तो जहाजावरच्या जेवणाचं वर्णन करतो.

"पण पुन्हा कोरोनासारखं काही आलं तर?" घरच्यांचा हा प्रश्न एजंटने हसून उडवला. ते आता संपलं म्हणाला.

ॲडव्हान्स उद्याही भरता येईल. आधी जरा माझ्याबरोबर मागे चला. मग पुढेही जाऊ.

जून १९१८. मुंबईची गोदी. तुम्ही पोलीस शिपाई आहात आणि पहारा धक्क्यावर आहे. महायुद्धातून सैनिकांची जहाजं येताहेत. १० तारखेला अंग मोडून येतं, डोकं ठणकतं, आणि तुमच्यासह सात शिपाई पोलिसांच्या इस्पितळात दाखल होतात. साधा ताप वाटतो, पण ही इन्फ्लुएन्झाची साथ आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरात मात्र त्याचं रूप पालटतं आणि तो आगगाडीत बसून देशाच्या पोटात शिरतो. सर्वाधिक मार ज्या मुलखाला बसला तो मध्य प्रांत, आणि रायपूर तेव्हा त्याच प्रांतात. समुद्र लांब होता म्हणून तुमचं गाव वाचलं नाही.

आता एकशे दोन वर्षं पुढे.

फेब्रुवारी २०२०, जपानमधलं योकोहामा बंदर. 'डायमंड प्रिन्सेस'वरची तुमची केबिन आतल्या बाजूची, म्हणजे खिडकीच नाही. हाँगकाँगला उतरलेल्या एका प्रवाशाला कोरोनाची लागण झाल्याचं कळलं आणि ५ तारखेपासून कुणी खोलीबाहेर पडायचं नाही असा हुकूम निघाला. दिवस आहे की रात्र, ते घड्याळ सांगेल तेवढंच. दार वाजतं. मास्क लावलेला एक पोरगा ताट ठेवतो, मान लववतो आणि पुढच्या दाराकडे वळतो. जहाजावर ३,७११ माणसं आहेत. शेवटी हिशेब लागेल तेव्हा त्यांतल्या ७१२ जणांना लागण झालेली असेल.

आता तुम्ही तो पोरगा व्हा. घर सावंतवाडीकडचं, नाहीतर मडगावकडचं. गोव्यात तुम्हाला तारवटी म्हणतात आणि कोकणात आई शेजारणीला सांगते, "मुलगा बोटीवर असतो." या वाक्यात घराचा नवा स्लॅब असतो, बहिणीचं लग्न असतं. प्रवाशांना खोलीत बसायला सांगितलंय आणि तुम्हाला कामावर जायला. तुम्ही झोपता ती खोली दुसऱ्याबरोबर वाटून घेतलेली, जेवता ते सगळ्यांच्या मेसमध्ये. विलगीकरण चालू आहे ते वरच्या मजल्यांवर. या जहाजावर १३८ भारतीय आहेत आणि त्यांतले १३२ तुमच्यासारखे कर्मचारी. २७ फेब्रुवारीला एअर इंडियाचं विमान ११९ भारतीयांना दिल्लीत उतरवतं. बाकीच्यांचं काय झालं हे विचारायला बातम्यांना सवड नाही, कारण तोवर साथ सगळीकडे पोचली आहे.

त्याच महिन्यात 'वेस्टरडॅम' नावाचं जहाज बंदर शोधत फिरतंय. त्यावर रुग्ण सापडलेला नाही. तरी जपान, तैवान, फिलिपिन्स, ग्वाम, थायलंड, सगळ्यांनी दार लावून घेतलं. अखेर १३ फेब्रुवारीला कंबोडियाच्या सिहानूकव्हिलने ते आत घेतलं. माझ्या मते या धंद्याचं खरं दुखणं इथे उघडं पडलं, आणि ते विषाणूच्याही आधीचं आहे. जहाज एका देशात नोंदवायचं, बहामा किंवा पनामा, कारण तिथे कर हलका. मालक दुसऱ्या देशातला, खलाशी तिसऱ्या-चौथ्या देशांतले, प्रवासी जगभरचे. सुखाच्या दिवसांत ही सोय. ताप आला की मात्र असं जहाज कुणाचंच नसतं. ऑस्ट्रेलियाने तर परदेशी क्रूझ जहाजांना आपापल्या देशी चालते व्हा असं सांगितलं. आपापला देश म्हणजे कुठला? बहामा?

एप्रिल २०२०, मुंबईजवळचा समुद्र. तुम्ही 'मरेला डिस्कव्हरी'चे कर्मचारी. प्रवासी आधीच थायलंडमध्ये उतरले, जहाजावर आता फक्त तुम्ही सगळे. मुंबई इतकी जवळ की फोनला रेंज मिळते. आई विचारते, "कुठे आहेस?" तुम्ही म्हणता, "इथेच." पण टाळेबंदी आहे आणि भारतीय खलाशाला भारतात उतरवायचा नियमच अजून तयार नाही. महिन्याच्या चौथ्या आठवड्यात सरकार नियमावली काढतं, तपासणी होते आणि दीडशेच्या आसपास भारतीय एकदाचे धक्क्यावर पाय ठेवतात.

पुढची उडी थोडी लांब बसून बघायची आहे, कारण इथे रायपूरच्या माणसाला माझ्यापेक्षा जास्त कळेल.

२०२० चा शेवट. गुजरातेत भावनगर जिल्ह्यातलं अलंग. खंभातच्या आखातातली भरती अशी की पाणी तासाभरात किनाऱ्याचा नकाशाच बदलतं. त्या भरतीवर एक पांढरं जहाज सरळ किनाऱ्याच्या दिशेने येतंय. इंजिन चालू आहे, वेग कमी होत नाही, कारण थांबायचंच नाहीये. चिखलात जितकं वर चढेल तितकं पाडणाऱ्यांचं काम सोपं. ही 'कर्णिका'. एप्रिल २०१९ मध्ये जलेश क्रूझेसने मुंबईतून वाजतगाजत सुरू केलेली, भारतीय कुटुंबांसाठी, भारतीय जेवणासकट. मूळची १९९० ची 'क्राउन प्रिन्सेस'. तिच्या बाह्यरूपाला डॉल्फिनसारखा आकार देणारा माणूस रेन्झो पियानो, पॅरिसच्या पाँपिदू केंद्राच्या वास्तुरचनाकारांपैकी एक. भारतातली तिची कारकीर्द वर्षभरही नीट टिकली नाही. साथ आली, फेऱ्या थांबल्या, देणी थकली, आणि जहाज विक्रीला निघालं.

भंगारात जहाज विकतात ते वजनावर. किती केबिन, किती तारे, कोण वास्तुकार, या प्रश्नांना तिथे अर्थ नसतो. रायपूरजवळच्या सिलतरा आणि उरलाच्या पोलाद-भट्ट्यांचा धूर बघत वाढलेल्या तुम्हाला हे समजावून सांगायला नको. सरियाचा, म्हणजे लोखंडी सळ्यांचा, भाव चढला की भंगाराचा चढतो, आणि भंगाराचा चढला की म्हाताऱ्या जहाजांना चालवण्यापेक्षा कापणं परवडतं. २०२१ च्या सुरुवातीला याच किनाऱ्यावर 'मार्को पोलो' येऊन बसलं. १९६५ चं हे जहाज सोव्हिएत काळात 'अलेक्झांडर पुश्किन' नावाने फिरत होतं. त्याच कंपनीची 'कोलंबस' आणि 'मॅगेलन'ही आली, कारण क्रूझ अँड मेरिटाइम व्हॉएजेस ही ब्रिटिश कंपनी जुलै २०२० मध्येच बुडाली होती. बंद पडलेलं जहाज हा पांढरा हत्ती. प्रवासी नसले तरी जनरेटर चालू ठेवावा लागतो, मोजके खलाशी ठेवावे लागतात, विम्याचा हप्ता चुकत नाही. ज्यांची तिजोरी खोल त्यांनी कर्ज काढून तग धरला. कार्निव्हलसारख्या राक्षसी कंपनीलाही त्या एका आर्थिक वर्षात दहा अब्ज डॉलरच्या वर तोटा झाला.

अलंगच्या रस्त्यावर फेरफटका मारा. मैलभर दुकानं. जहाजांतून निघालेले सोफे, गाद्या, कपबशा, लाइफ जॅकेट, संडासाची भांडी, भिंतीवरची चित्रं. एका टपरीत रंगमंचाचे मखमली पडदे टांगलेत. घासाघीस करा, रायपूरला नेता येतील.

आणि आता गंमत ऐका. साडूने प्रवास केला ती 'एम्प्रेस'ही १९९० चीच. 'नॉर्डिक एम्प्रेस' म्हणून जन्मली आणि रॉयल कॅरिबियनकडे नांदली. २०२० च्या डिसेंबरात साथीच्या तडाख्यात रॉयल कॅरिबियनने तिला विकल्याचं जाहीर केलं, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये ती कॉर्डेलिया क्रूझेस या कंपनीच्या नावाने मुंबईतून निघाली. तिकिटं विकायला आयआरसीटीसी, म्हणजे ज्या संकेतस्थळावर तुम्ही हावडा मेलचं आरक्षण करता तेच. एकाच वर्षी जन्मलेली दोन जहाजं, एक तुकडे होऊन गेलं, दुसऱ्यावर तुमचा साडू नाचला. आपल्याकडच्या क्रूझचं पुनरागमन झालं ते असं, जगाने मंदीत टाकून दिलेल्या मालातून. यात कमीपणा नाही. जुन्या ट्रकला नवं शरीर लावून आपण पिढ्यान्‌पिढ्या धंदा केला आहे.

जानेवारी २०२२. तुम्ही त्याच जहाजावर गोव्याच्या मुरगाव बंदरात नववर्षाच्या सुट्टीवर. एका कर्मचाऱ्याची चाचणी पॉझिटिव्ह आली, मग सुमारे दोन हजार जणांच्या चाचण्या झाल्या आणि ६६ जण बाधित निघाले. गोवा समोर दिसतंय, पण उतरायचं नाही. जहाज मुंबईकडे परत फिरतं. दोन वर्षांत काय बदललं होतं? चाचणी जलद झाली होती, लस होती, माणसं आधीइतकी मरत नव्हती. आणि मुंबई 'आमचं आहे, आणा' म्हणाली. वेस्टरडॅमला जे मिळालं नाही ते या जहाजाला मिळालं, कारण त्याला घरचं बंदर होतं.

पुढचे टप्पे भरभर घेऊ. जगात क्रूझचे प्रवासी २०१९ मध्ये तीन कोटींच्या जवळ होते. २०२३ मध्येच तो आकडा ओलांडला गेला आणि २०२४ मध्ये तो ३ कोटी ४६ लाखांवर पोचला. २०२४ च्या जानेवारीत निघालेलं 'आयकॉन ऑफ द सीज' ७,६०० प्रवासी घेऊ शकतं. हा सगळा मेळा एका हॉलमध्ये खोकला तर काय, हा प्रश्न बाजाराने सोडवला नाही, बाजूला ठेवला. इटलीने मोठी जहाजं ऑगस्ट २०२१ पासून व्हेनिसच्या जुदेक्का कालव्यातून बाहेर काढली. आपण उलट्या दिशेने निघालो. सप्टेंबर २०२३ मध्ये विशाखापट्टणमचं क्रूझ टर्मिनल उघडलं. सप्टेंबर २०२४ मध्ये 'क्रूझ भारत मिशन'ने २०२९ पर्यंत समुद्री क्रूझचे प्रवासी दुप्पट करून १० लाखांवर नेण्याचं ठरवलं. सप्टेंबर २०२५ मध्ये बॅलार्ड पिअरला वर्षाला १० लाख प्रवासी हाताळू शकेल असं मुंबईचं टर्मिनल सुरू झालं. इमारती उत्तम आहेत. पण नुसत्या इमारतीने बंदर होत नाही. तापलेल्या माणसाला उतरवून घेण्याची तयारी जिथे आहे, त्याला मी बंदर म्हणतो.

आता पुढे. २०३२ म्हणू. हे माझं चित्र आहे, सरकारी आराखडा समजू नका.

पहाटे रायपूरहून निघालात. विशाखापट्टणमचा सहापदरी महामार्ग आता पूर्ण वापरात आहे. कांकेरकडे जंगलाखालून बोगदा ओलांडलात, पूर्वी बारा-तेरा तास खाणारा रस्ता दुपारच्या जेवणाआधी संपला. टर्मिनलवर महाराष्ट्र मंडळाची चाळीस-पन्नास मंडळी आधीच पोचली आहेत आणि त्यांच्या डब्यांतली पुरणपोळी तपासणीच्या यंत्रातून जातेय. जहाज छोटं आहे. धक्क्याला लागताच त्याने इंजिन बंद केलं आणि किनाऱ्यावरच्या विजेची जाडजूड केबल जोडून घेतली, त्यामुळे धुराचा वास नाही. विमानवाहू युद्धनौका 'विक्रांत'साठी जाड पोलादी पत्रे पुरवणाऱ्या कारखान्यांत भिलाई होती. या जहाजाच्या पत्र्यातही ती असावी, अशी माझी आपली आशा. घरापासून तीसेक किलोमीटरवरच्या लोखंडावर बसून समुद्रात जायला कुणाला नाही आवडणार?

तिकिटाच्या मागे बारीक टायपात एक कलम आहे. जहाजावर साथ आढळल्यास कोणतं बंदर किती तासांत आत घेईल, रुग्णालय कोणतं, खर्च कुणाचा आणि कर्मचाऱ्यांना प्रवाशांइतकीच स्वतंत्र खोली मिळेल की नाही. हे कलम आज कुठल्याही पत्रकावर मोठ्या अक्षरांत नसतं. माझा अंदाज, आणखी एखादा फटका बसल्याशिवाय ते येणारही नाही. पण ज्या कंपन्या ते आधीच लिहून देतील त्यांच्याकडे रायपूर, नागपूर, इंदूरची म्हातारी-कोतारी जातील. क्रूझचा खरा गिऱ्हाईकवर्ग तोच, गुडघे दुखणारा आणि जिना टाळणारा.

दुसरी रात्र. पुद्दुचेरी चार तासांवर. सातव्या मजल्यावरच्या एका आजोबांना १०२ ताप. जहाजातल्या डॉक्टरांनी नमुना घेतला आणि तासाभरात निकाल आला. मोठं काही नाही, पण फ्लू आहे आणि त्यांच्या टेबलावरच्या आणखी तिघांना तोच. बारा केबिनचा एक तुकडा वेगळी हवा खेळवून कायम रिकामा ठेवलेला असतो, तिथे त्यांना हलवलं. भोंगा वाजत नाही. कप्तान सांगतो, पुद्दुचेरी रद्द, थेट चेन्नई, धक्क्यावर रुग्णवाहिका उभी आहे. लाँड्रीतल्या सावंतवाडीच्या पोराला चार दिवस सुट्टी आणि स्वतःची खोली मिळते. पगार चालू.

मंडळातल्या मंडळींना मात्र पुद्दुचेरी हुकल्याचा संताप आलाय. मध्यरात्रीनंतरही खालच्या काउंटरवर परताव्यासाठी रांग आहे. रांगेत तुम्ही सहावे, आणि पुढचा गृहस्थ काउंटरवरच्या मुलीला ठणकावून सांगतोय की फ्लू झाला म्हणून कुणी बंदर चुकवतं का.