मँचेस्टरचा दुसरा बहिष्कार

मँचेस्टर हे नाव आपल्याकडे घरोघर पोचले ते कापडामुळे. १९३० सालच्या सत्याग्रहात विलायती मालावर बहिष्कार पडला आणि त्याची झळ त्या गावच्या व्यापाराला लागली. त्याच वर्षी १२ डिसेंबर रोजी मुंबईत काळबादेवीच्या रस्त्यावर, विलायती कापडाची लॉरी अडविताना, बाबू गेनू या गिरणी कामगाराने प्राण दिले. हा इतिहास आपणां सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्यापूर्वी बरोबर आठ आठवडे, खुद्द मँचेस्टरातही एका बहिष्काराचा ठराव मंजूर झाला होता, ही गोष्ट फारशी कोणाच्या कानी आलेली नसते. तो बहिष्कार कापडावर नव्हता. एका फुटबॉल क्लबावर होता. आणि तो पुकारणारे त्या क्लबाचे शत्रू नव्हते, त्याचे निस्सीम पाठीराखे होते.

या दोन बहिष्कारांना एका तागडीत घालावयाचे कारण नाही. एकीकडे राष्ट्राच्या स्वातंत्र्याचा प्रश्न होता, दुसरीकडे शनिवारच्या दुपारच्या खेळाचा. तरीही मँचेस्टरच्या या प्रकरणात एक प्रश्न असा दडलेला आहे की, ज्याला कोणत्याही संस्थेचा कारभार पाहावा लागतो त्याने त्याचा विचार करावा. ज्यांच्या पैशावर व प्रेमावर संस्था उभी असते, ते जेव्हा कारभाऱ्यांवर उलटतात, तेव्हा त्यांचे म्हणणे कितपत खरे मानावे?

आज मँचेस्टर युनायटेड या नावाने जगभर गाजलेला हा क्लब मूळचा रेल्वे कामगारांचा. लँकेशायर अँड यॉर्कशायर रेल्वेच्या न्यूटन हीथ येथील डबे बांधण्याच्या कारखान्यातील कामगारांनी १८७८ साली तो स्थापन केला. हिरवा आणि सोनेरी हे त्यांचे रंग. पुढे क्लब व्यावसायिक झाला, मर्यादित कंपनी बनला आणि कर्जात बुडाला. १९०२ च्या आरंभी त्याच्या डोक्यावर २,६७० पौंडांचे देणे होते. त्या वेळी जॉन हेन्री डेव्हिस हा बियरचा कारखानदार पुढे सरसावला. त्याने व आणखी तिघांनी पैसा घातला, क्लबाला नवे नाव दिले, रंगही बदलून लाल केला. १९०८ व १९११ या वर्षी लीगचे अजिंक्यपद, १९०९ साली फुटबॉल असोसिएशनचा चषक आणि १९१० साली ओल्ड ट्रॅफर्डचे भव्य मैदान, असा भाग्योदय झाला. क्लब वाचला, परंतु कामगारांच्या हातून तो धनिकांच्या हाती गेला, तो कायमचाच. पुढील सव्वाशे वर्षांतील सर्व तंट्यांचे बीज या एका व्यवहारात आहे.

डेव्हिस १९२७ साली निवर्तला आणि क्लबाचा आधार तुटला. त्याच वर्षी हर्बर्ट बॅमलेट व्यवस्थापक म्हणून आला. हा गृहस्थ पूर्वी नामांकित पंच होता. १९०९ च्या चषक स्पर्धेत बर्नली येथे हाच संघ एका गोलाने मागे असता, हिमवादळामुळे अठरा मिनिटे उरलेली असताना बॅमलेटनेच सामना थांबविला होता. फेरसामना जिंकून पुढे संघाने चषकही पटकावला. ज्याच्या शिटीने क्लबाला पहिला चषक मिळण्याची वाट मोकळी केली, त्याच्याच कारकीर्दीत क्लबाला सर्वांत वाईट दिवस पाहावे लागावेत, हा दैवाचा विचित्र खेळ होय.

१९३०-३१ चा हंगाम उजाडला तो पराभव घेऊनच. सप्टेंबरात चार दिवसांच्या आत, स्वतःच्या मैदानावर, हडर्सफील्डने सहा आणि न्यूकॅसलने सात गोल चढविले. लीगचे पहिले बारा सामने संघ ओळीने हरला. मंदीचे दिवस होते. लँकेशायरच्या गिरण्या थंडावल्या होत्या. बेकारांना तिकिटाचे पैसे जड जात होते. तशातही जे येत, त्यांना दर आठवड्यास हीच शोभा पाहावी लागे.

अशा वेळी पाठीराख्यांच्या संघटनेचे नेतृत्व जॉर्ज ग्रीनहॉ या टॅक्सीचालकाकडे होते. त्याने नुसता आरडाओरडा केला नाही. नवा व्यवस्थापक नेमा, होतकरू खेळाडू हेरण्याची व्यवस्था सुधारा, नवे खेळाडू घ्या, संचालक मंडळात नवी माणसे आणा आणि भांडवलासाठी नवे भाग विक्रीस काढा, अशा मुद्देसूद मागण्या या मंडळींनी मांडल्या. संचालकांनी त्यांना दाद दिली नाही. कंपनी भागधारकांची, तिकीट काढून येणारा हा गिऱ्हाईक, गिऱ्हाइकाने दुकानाच्या चोपड्या मागावयाच्या नसतात, असा एकंदर पवित्रा होता. कायद्याच्या दृष्टीने तो चुकीचा नव्हता.

१७ ऑक्टोबर १९३० रोजी हल्म टाउन हॉलमध्ये सुमारे तीन हजार पाठीराखे जमले आणि दुसऱ्या दिवशीच्या आर्सेनलविरुद्धच्या सामन्यावर बहिष्कार घालण्याचा ठराव त्यांनी संमत केला. ठराव झाला खरा. परंतु शनिवारी २३,४०६ माणसे मैदानावर हजर होती. त्या वर्षी आर्सेनलचा संघ अजिंक्यपदाच्या मार्गावर होता आणि त्याचा खेळ पाहण्याचा मोह अनेकांना आवरला नसावा. युनायटेड एकाविरुद्ध दोन गोलांनी हरला. बहिष्कार फसला, अशी नोंद त्या दिवसापुरती करता येईल.

परंतु जे ठरावाने साधले नाही ते निराशेने साधले. बेचाळीस सामन्यांपैकी सत्तावीस गमावून, ११५ गोल अंगावर घेऊन संघ तळाशी गेला व दुसऱ्या श्रेणीत ढकलला गेला. हंगामाच्या अखेरच्या सामन्याला मैदानावर अवघे ३,९६९ प्रेक्षक होते. कोणी पत्रक काढले नाही, कोणी सभा भरविली नाही. लोक आलेच नाहीत, इतकेच. कारभाऱ्यांनी भ्यावयाचे असते ते या मुक्या बहिष्काराला. सभेत ओरडणाऱ्या माणसाला संस्था अजून आपली वाटत असते. जो घरी बसतो, त्याच्या मनातून ती उतरलेली असते.

बॅमलेट गेला. डिसेंबर १९३१ मध्ये बँकेने हात आखडता घेतला आणि ऐन नाताळात खेळाडूंच्या पगाराची पंचाईत झाली. गणवेशांचे कापड शिवून श्रीमंत झालेला जेम्स गिब्सन या वेळी धावून आला. त्याने तातडीने २,००० पौंड दिले व पुढे अध्यक्षपद स्वीकारले. यानंतरची हकिकत बारकाईने पाहण्यासारखी आहे. संचालक मंडळात नवी माणसे आली. १९३२ साली नवा व्यवस्थापक नेमला गेला. १९३८ साली गावातील होतकरू मुलांना तयार करण्यासाठी क्लबाने स्वतंत्र शाखा काढली आणि पुढच्या पिढीतील यशाचा पाया घातला. टॅक्सीवाल्याच्या यादीशी हे ताडून पाहिले, तर बहुतेक कलमे त्या यादीतलीच निघतात. ज्या मागण्या ऐकण्यासही संचालक तयार नव्हते, त्या क्लब मोडकळीस आल्यावर, एका दात्याच्या कृपेने, उशिरा अमलात आल्या. १९३० च्या संचालकांनी नियमाला धरून वागून क्लब बुडविला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

एवढ्यावरून जमावाचे म्हणणे सदैव खरे असते, असा सिद्धांत कोणी काढील तर तो फसेल. याच क्लबाच्या इतिहासात त्याचा उतारा आहे. ॲलेक्स फर्ग्युसन नोव्हेंबर १९८६ मध्ये व्यवस्थापक झाला. तीन वर्षे गेली. पदरात काहीच पडले नाही. सप्टेंबर १९८९ मध्ये शेजारच्या मँचेस्टर सिटीने पाच विरुद्ध एक असा धुव्वा उडविला. डिसेंबरात क्रिस्टल पॅलेसने घरच्या मैदानावर हरविले. त्या दिवशी प्रेक्षकांत एक फलक झळकला. तीन वर्षे सबबी ऐकल्या, आता रामराम घ्या, असा त्याचा आशय होता. लीगचे अजिंक्यपद १९६७ नंतर हाती आले नव्हते. बावीस वर्षांची ती तगमग खोटी नव्हती. खोटा ठरला तो तिने शोधलेला अपराधी. संचालकांनी फर्ग्युसनला काढले नाही. मे १९९० मध्ये त्याच क्रिस्टल पॅलेसला हरवून संघाने चषक जिंकला आणि २०१३ साली निवृत्त होईपर्यंत फर्ग्युसनने तेरा वेळा अजिंक्यपद मिळवून दिले. त्या फलकाचे ऐकले असते तर यातले काहीच घडले नसते.

याच १९८९ च्या उन्हाळ्यात मुख्य भागधारक मार्टिन एडवर्ड्स क्लब विकावयास निघाला होता, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. दोन कोटी पौंडांचा तो सौदा पुढे फिसकटला. व्यवस्थापकावर श्रद्धा ठेवून वाट पाहणारा आणि क्लब विकावयास काढणारा, असा हा एकच माणूस. संस्थांचा इतिहास काळ्यापांढऱ्या रंगांत लिहिता येत नाही, तो यामुळेच.

तिसरा प्रसंग याहून निराळा. २००५ साली अमेरिकेतील ग्लेझर कुटुंबाने क्लब विकत घेतला. त्याची किंमत सुमारे ७९ कोटी पौंड धरली गेली. मात्र या रकमेचा मोठा हिस्सा कर्जाचा होता आणि त्या कर्जाचा बोजा क्लबावरच पडला. घर घेणाऱ्याने घरावरच कर्ज काढावे आणि त्याचे व्याज घरातल्या माणसांच्या मिळकतीतून फेडावे, असा तो प्रकार. पाठीराखे खवळले. त्यांतील काहींनी त्याच वर्षी वेगळा क्लब काढला व त्यात प्रत्येक सभासदाला एकच मत ठेवले. २०१५ मध्ये त्याचे स्वतःचे मैदान झाले, तेही जुन्या न्यूटन हीथच्या जवळच. जे मागे राहिले त्यांनी २०१० साली गळ्यात हिरवेसोनेरी रुमाल बांधून मैदानावर येण्यास आरंभ केला. रेल्वे कामगारांचे जे रंग १९०२ साली उतरविले गेले होते, ते एकशे आठ वर्षांनी निषेधाचे निशाण होऊन परतले.

हा राग पराभवाचा नव्हता, हे विशेष. २००७ पासून लागोपाठ तीन वर्षे संघ अजिंक्य होता. २००८ साली युरोपचा चषकही त्याच्याकडे आला होता. जिंकत असतानाही लोक रागावलेले असतात, तेव्हा त्या रागाचे मूळ धावफलकावर शोधून सापडत नाही. एप्रिल २०२१ मध्ये मोठ्या क्लबांच्या मालकांनी युरोपची स्वतंत्र बंदिस्त स्पर्धा काढण्याचा घाट घातला. तो दोन दिवसांत मोडला. पण २ मे रोजी पाठीराखे ओल्ड ट्रॅफर्डच्या मैदानात घुसले आणि लिव्हरपूलविरुद्धचा सामना त्या दिवशी होऊ शकला नाही. ती घुसखोरी समर्थनीय नव्हे. परंतु ती कशामुळे झाली, हे त्या दिवशी इंग्लंडात कोणास विचारावे लागले नाही.

आपल्यापैकी जे कलकत्त्यास राहिले आहेत त्यांना हे सारे परके वाटणार नाही. १९११ साली मँचेस्टर युनायटेडने दुसरे अजिंक्यपद मिळविले, त्याच वर्षी मोहन बागानने गोऱ्या पलटणीला हरवून शील्ड जिंकली. २०२० साली दुसऱ्या एका क्लबाशी विलीनीकरण होऊन त्या नावामागे परकी अक्षरे चिकटली, तेव्हा संघ चांगला खेळत असतानाही पाठीराख्यांनी ती काढून टाकण्यासाठी तीन वर्षे आंदोलन केले. २०२३ मध्ये अजिंक्यपद मिळताच मालकांनी ती काढल्याचे जाहीर केले.

या प्रसंगांवरून एवढे दिसते की, जमावाला आपले काय हरवले हे अचूक कळते. ते कोणी हरविले हे मात्र पुष्कळदा कळत नाही. व्यवस्थापक समोर बाकावर बसलेला दिसतो, म्हणून पहिला दगड त्याच्यावर पडतो. मालक दूर असतो. सरकारी कचेरीत काम करणाऱ्यास हा अनुभव नवा नाही. धोरण राजधानीत ठरते आणि त्याचा जाब तालुक्याच्या गावी टेबलामागे बसलेल्या माणसाला विचारला जातो. अशा वेळी दोन सोप्या वाटा असतात. एक म्हणजे घोषणेपुढे मान तुकवून कोणाचा तरी बळी देणे. दुसरी म्हणजे घोषणा चुकीची आहे एवढ्यावरून गाऱ्हाणेही खोटे ठरविणे. १९८९ साली पहिली वाट टाळली गेली म्हणून क्लब तरला; १९३० साली दुसरी वाट धरली गेली म्हणून तो बुडाला.

हल्म टाउन हॉलमधील त्या सभेचा ठराव दुसऱ्याच दिवशी निष्फळ ठरला, म्हणून संचालकांनी कदाचित सुटकेचा श्वास टाकला असेल. त्यांनी मागण्यांचा तो कागद तेवढा जपून ठेवावयास हवा होता.