तारापूरचा तट आणि संगणकाची अपुरी स्मृती

चिमाजी अप्पांच्या फौजेने जानेवारी १७३९ मध्ये पोर्तुगीजांचा तारापूर किल्ला सुरुंग लावून घेतला. त्या तटाचे त्रिमितीय चलच्चित्र या धाग्यासाठी सालवडला घरच्या संगणकावर सिद्ध करीत होतो. पहिल्या रात्री रेंडर थांबले : मेमरी अपुरी. दुसऱ्या रात्री थांबले : डिस्क भरली. तट बाजूला राहिला आणि मी या दोन तक्रारींच्या इतिहासात शिरलो.

तारापूरच्या अणुवीज केंद्रामुळे होमी भाभांचे नाव आमच्याकडे सर्वांना ठाऊक आहे. त्यांनीच उभारलेल्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली घडवलेला ‘टीफ्रॅक’ हा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. हे नाव नेहरूंनी १९६२ मध्ये दिले. त्याची स्मृती फेराइटच्या चिमुकल्या कड्यांची, ४० बिटांच्या २,०४८ शब्दांची. गुणाकार केला तर जेमतेम १०,२४० बाइट! तरीही आलेख आणि अक्षरे दाखवण्यासाठी त्याला कॅथोड किरण नळीचा पडदा होता. ५१२ × ५१२ ठिपक्यांचे निव्वळ काळे-पांढरे चित्र साठवायचे, तरी २,६२,१४४ बिट लागतात. टीफ्रॅकजवळ होते ८१,९२०. सबंध चित्र स्मृतीत धरून ठेवणे त्या यंत्राच्या आवाक्यातच नव्हते.

मँचेस्टरच्या ‘ॲटलस’ संगणकाने १९६२ मध्ये यावर वेगळाच तोडगा काढला. मुख्य स्मृती १६,३८४ शब्दांची, शेजारी संथ चुंबकीय ड्रम ९८,३०४ शब्दांचा. लागेल ते पान ड्रमवरून आपोआप आत येई, नको ते बाहेर जाई आणि प्रोग्रामला दोन्ही मिळून एकच कोठार भासे. हीच आभासी स्मृती. आपल्या संगणकात ड्रमची जागा आता डिस्कने घेतली आहे, आणि माझ्या दोन रात्रींचे रहस्य इथेच उलगडले. डिस्कवर जागा उरली नव्हती, म्हणून पानांची फाइल वाढू शकेना आणि प्रोसेसरवर चाललेले रेंडर स्मृतीच्या नावाने कोसळले. दोष एकच, तक्रारी दोन.

डिस्क खाल्ली कोणी? १९२० × १०८० ठिपक्यांची एक चौकट, ठिपक्याला तीन बाइट, म्हणजे ६२,२०,८०० बाइट. सेकंदाला २४ चौकटी धरल्या तर मिनिटाला १,४४० आणि जागा जवळजवळ नऊ अब्ज बाइट. हे सारे तात्पुरत्या फोल्डरमध्ये साचत होते. तो फोल्डर दुसऱ्या डिस्कवर हलवला. चौकटी एका व्हिडिओऐवजी सुट्या चित्रांत, संकुचित करून लिहिल्या; वीज गेली तरी झालेले काम वाया जात नाही. (बोईसर परिसरातल्या वाचकांना अधिक सांगायला नको.)

स्मृतीचाही थोडा दोष होताच. तटाच्या दगडांचे छायाचित्र डिस्कवर काही मेगाबाइटचे. पण रेंडर करताना ते पूर्ण उलगडते. ४०९६ × ४०९६ ठिपके, प्रत्येकी चार बाइट : ६,७१,०८,८६४. दूरच्या बुरुजांसाठी १०२४ चे पोत वापरले, भार सोळाव्या हिश्श्यावर आला. शिवाय चौकट तुकड्यातुकड्यांनी रंगवली. ही युक्तीही जुनीच; कुक, कारपेंटर आणि कॅटमल यांनी १९८७ मध्ये ‘रेज’ पद्धतीचे वर्णन प्रसिद्ध केले, तिच्यात पडद्याचे लहान चौकोन पाडून एका वेळी एकाच चौकोनाचा भार स्मृतीवर घेतला जाई.

काल रात्री रेंडर पहाटेपर्यंत न अडखळता चालले. पुढच्या धाग्यात तोच तट, आणि त्याच्या पायथ्याशी पेरलेले सुरुंग.